नाकाच्या भरवशावर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मन ताब्यात राहतं.
कारखान्यात नवं सॉल्व्हंट आलं. पेंडीतलं उरलंसुरलं तेल ओढून घ्यायला आम्ही बावीस वर्षं हेक्झेन वापरतो. तो पेट्रोलचा सख्खा भाऊ. ठिणगी पडली की शेड गेली. नवं मात्र संत्र्याच्या सालीपासून केलेलं. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, हे इतक्या चटकन पेट घेत नाही, आणि तेलाबरोबर अँटिऑक्सिडंटही ओढतं, म्हणजे तेल लवकर खवट होत नाही. मला म्हणाल्या, काका, वास कसा वाटतो? मी हुंगून सांगितलं, अगदी सौम्य. फिटर नाकाला रुमाल लावून म्हणाला, सौम्य? मला तर गोळ्यांच्या बरणीत पडल्यासारखं वाटतंय.
त्याचं नाक कच्चं. या शेडचं नाक मी. गॅसचा मीटर दुरुस्तीला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून गळती आहे की नाही हे मी हुंगतो आणि रजिस्टरवर सही करतो.

५ मार्च
उदबत्ती पुन्हा भेसळीची. वर्षात तिसरं दुकान बदललं. आज देवापुढे तीन लावल्या. ही खोकत म्हणाली, घर आहे की धुराडं? भक्तीची लोकांना अडचण होते.

७ मार्च
नव्या टाकीचा पाइप वेल्डिंग करून जोडायचा आहे. जागा नेमकी हेक्झेनच्या पंपाला चिकटून. फिटरने नेहमीप्रमाणे विचारलं, काका, पेटवू का? मी म्हणालो, आज नको, वारा उलटा आहे. आमच्या शेडमध्ये वारा येत नाही, हे जेवताना आठवलं.
घाबरलो नव्हतो. तळहाताला घाम आला तो उकाड्याने.

१० मार्च
पंपाला टेकून चहा पीत होतो. फिटर धावत आला. काका, हेक्झेनचा वास येतोय, तुम्ही इथे बसलात काय! मी शांतपणे म्हणालो, तुला कळतं का ते बघत होतो. तो नट आवळून गेला.
उरलेला चहा विजारीवर सांडला. कप ओला होता म्हणून.
रजिस्टरमध्ये लिहिलं: वास आला नाही. खोटं नाही. देवाशपथ, आला नव्हता.

१३ मार्च
मोठा दिवस. नव्या सॉल्व्हंटने काढलेलं पहिलं तेल तापवून त्यातला संत्र्याचा वास घालवायचा होता. कमी तापवलं तर वास राहतो, जास्त तापवलं तर अँटिऑक्सिडंट मरतात. गेला की सांगा, काका, असं मॅडम म्हणाल्या. मी भांड्यावर वाकलो, पण डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. त्यांच्या कपाळावरची आठी सुटली आणि मी म्हणालो, गेला! त्या म्हणाल्या, वा, काका.
माणसाचा चेहरा वाचणं हेही शेवटी नाकाचंच काम. यावर नव्या लोकांना शिकवता येईल. बढतीचं बघू.
पाच उदबत्त्या.

१७ मार्च
वेल्डिंग पाचव्यांदा पुढे ढकललं. माझी पाठ, मग फिटरचे हातमोजे, मग माझं पोट, मग पुन्हा वारा. मॅडम म्हणाल्या, काका, तुमच्या मुहूर्ताची वाट बघत माझी टाकी म्हातारी होईल. उद्या दहा वाजता.

१८ मार्च, सकाळी सात
संकल्प: फिटरच्या चेहऱ्याकडे बघायचं. नाक मुरडलं तर नाही, नाहीतर हो. सोपं आहे.
देवाकडे धैर्य मागितलं. ते आहेच, जरा जास्त असावं.

१८ मार्च, संध्याकाळी
दहाला सगळे जमले. फिटर पंपाशेजारी उकिडवा बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याने वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला. काळी काच. त्यात माझाच चेहरा, आणि त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. आतून आवाज आला, काका, पेटवू का?
मॅडमकडे बघितलं. त्या घड्याळ बघत होत्या.
हो म्हणायला तोंड उघडलं. पण तोंडातून निघालं, मला वास येत नाही रे. वर्ष झालं.
मुखवटा वर गेला. फिटर म्हणाला, माहीत आहे, काका. आधी मीच हुंगतो. तुम्हाला विचारायचं ते तुमचा मान म्हणून. मग त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, पण कालपासून मला सर्दी आहे. आज खरंच विचारत होतो.
मॅडम धावत जाऊन दुसऱ्या शेडमधला मीटर घेऊन आल्या. पंपाशी नेताच तो जो किंचाळायला लागला, तो आम्ही सगळे बाहेर येईपर्यंत थांबला नाही. फिटरच्या हातातला लायटर मी काढून घेतला. तो अजून माझ्या खिशात आहे.
उद्यापासून मीटर हुंगणार. मी त्याचे आकडे लिहिणार.
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हणाली, दूध करपत होतं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता, तेव्हाच कळलं होतं. उद्या डॉक्टरकडे जाऊ.
देवापुढे एकच उदबत्ती लावली. हिला विचारलं, येतोय का वास?
म्हणाली, येतोय. आज पहिल्यांदा खोकला न येता.