आईंच्या हाताचा वेग

प्रिय ग्युन-हो,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसून सगळा विचका केला असतास, म्हणून हे पत्र. बंदरात हातात पडलं की केबिनमध्ये बसून वाच, इंजिनाच्या तेलाने बरबटलेल्या हातांनी नको.

जहाजावर चढताना तू काय म्हणालास, आठवतंय? "एकदा आईकडे किमची घालायला जा, मग आपोआप जमेल." आपोआप म्हणे! तुला काय जातंय सांगायला! लग्नाचा विषय निघाला की तुझ्या आई भांडी घासायला उठतात, मला नावाने हाक न मारता "ए कारखानेवाली" म्हणतात. त्यांच्या होकाराशिवाय तू लग्न करणार नाहीस, आणि खरं सांगू, मीही नाही.

तर नोव्हेंबरात गेले मिऱ्यांगला तुझ्या आईंकडे, आमच्या कारखान्याचे किमची भरायचे नवे प्लॅस्टिकचे डबे गाडीत घालून. अजून बाजारात आले नव्हते, पण चाचणी मी स्वतः केलेली, त्यामुळे मान ताठ. डबे रात्रभर अंगणात दहिवरात पडलेले. सकाळी शेजारणींबरोबर कोबीच्या पानापानात मसाला भरून झाला, आणि तुझ्या आईंनी रबरी हातमोज्यांनी पहिल्या डब्याची कडी दाबली. खाट! कडी उडून थेट मुळ्याच्या टोपलीत. दुसरा डबा, तीच गत. तिसऱ्याला शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, हे प्लॅस्टिक आहे की काच?" सगळ्या बायका खो खो हसल्या. तुझ्या आई तेवढ्या हसल्या नाहीत. तोंड फिरवून आत गेल्या, त्या मी निघाले तरी दारात आल्या नाहीत. संपलं सगळं, असं म्हणत मी परत आमच्या गिमहेपर्यंत रडत गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी रडणं संपलं आणि राग आला. आमचं चाचणीचं मशीन कडीची पातळ पट्टी वाकवायचं, तेही उबदार खोलीत, बाळाला थोपटावं तसं हळूहळू. असं वाकवलं की प्लॅस्टिकमधल्या लांबलांब साखळ्यांना एकमेकींवरून सरकायला वेळ मिळतो. पट्टी ताणते, पांढरी पडते, पण टिकते. तीच पट्टी गारठलेली असताना हिसका द्या, साखळ्यांना हलायलाच सवड नाही, मग तुटण्यावाचून काय करणार? हे आमच्यापैकी प्रत्येकाला कॉलेजपासून तोंडपाठ! पण विभागातल्या पुरुषांनी जन्मात किमचीचा डबा बंद केलेला नाही, आणि मी तर विकतची खाणारी. डबा बंद करणाऱ्या बाईच्या हाताचा विचार करणार कोण?

डबे फ्रिजमध्ये ठेवून मशीन जोरात चालवलं. पटापट फुटले. पट्टी कापून पाहिली तर साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दोन्हीकडून येऊन नेमकं तिथेच भेटत होतं, म्हणजे ऐन वाकायच्या जागी कच्चा सांधा! मग वाट बदलली. सगळं प्लॅस्टिक एकाच बाजूने त्या अरुंद फटीतून ढकललं, म्हणजे भिंतींना घासत जाताना साखळ्या केसांसारख्या एका दिशेने विंचरल्या जातात. फार जोरात ढकलायचं नाही, नाहीतर त्या घासण्यानेच तुटतात. आणि पट्टी गरम असतानाच एकदा सावकाश वाकवून ठेवायची. पण चाचणी किती वेगाने घ्यायची? धीर करून तुझ्या आईंना फोन लावला. म्हटलं, "आई, तुमचा हात हवाय." तिकडून उत्तर आलं, "आधी मुलगा हवा होता, आता हात? पुढे काय मागशील?"

पण आल्या! केस कुरळे करून, स्वतःचे हातमोजे घेऊन. कॅमेऱ्याने त्यांच्या हाताचा वेग मोजला. आमचे विभागप्रमुख क्वाकसाहेब आकडा बघून मटकन खुर्चीत बसले. मशीन त्या वेगाने लावलं, नवी कडी टिकली. तरी आईंचं समाधान होईना. गार डबे पुढ्यात ओढले आणि खाट, खाट, खाट! मग चक्क मुठीने. "फुटत का नाही मेली!" सगळा विभाग टाळ्या पिटतोय. आणि एकाएकी त्या थांबल्या, हातमोजे काढले आणि डोळे पुसायला लागल्या.

आता पत्राचं कारण. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी पहिला फुटला ना, तो तुझा डबा होता." तुमच्याकडे किमचीचे वाटे लेकींना आणि सुनांना जातात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांत आधी माझा वाटा काढला होता, आतली पिवळी कोवळी पानं आणि कालवं जास्त घालून. "पहिलाच वाटा फुटक्या डब्यातून कसा देऊ? तुला तोंड कसं दाखवू, म्हणून आत जाऊन बसले." गाडीतून त्यांनी तो आणला होता, जुन्या मातीच्या बरणीत, चांगला मुरलेला. पहिल्यांदाच "ते-रिम" अशी नावाने हाक मारून हातात दिला. ग्युन-हो, मी कारखान्याच्या दारात उभ्या उभ्या बोटांनी खाल्ला. तुझं जहाज वसंतात कोणत्या आठवड्यात बुसानला लागतंय ते ताबडतोब कळव, आईंना लग्नाचा हॉल ठरवायचाय.

तुझीच, आणि आता त्यांचीही,
ते-रिम