कॉरिनने नाकारलेलं उड्डाण

प्रिय लोरेटा,

तुझी लेक सुखरूप आहे, हे आधी. तुझे गुडघे कसे आहेत?

मंगळवारी रात्री धुकं पाहून कॉरिनने रुग्णासाठी हेलिकॉप्टर न्यायला नकार दिला. इथली इस्पितळं मग तो नकार लपवून दुसऱ्या कंपनीला बोलावतात, म्हणून तिने स्वतःच दुसऱ्या कंपनीच्या शेजारच्या हेलिकॉप्टर-तळाला धुक्याचं कळवलं. रुग्ण रस्त्याने तीन तासांनी पोचला; जगला.

पण रुग्ण उचलला तरच कंपनीला पैसे! "धंदा बुडवलास," तिचे साहेब फोनवर तिच्यावर ओरडले. शाळेत नन्सनी आपल्याला शिकवलेली सभ्यता बाजूला ठेवून मी फोन हिसकावला. "हेलिकॉप्टर पडलं असतं तर धंदा तरला असता का हो?"

सोमवारी बहुधा तिची नोकरी जाईल. घरी आली तर तिला बोलू नकोस. काल त्या दुसऱ्या तळाचा पायलट मुरंबा घेऊन आला. म्हणाला, "मावशी, तिचा फोन आला तेव्हा मी इंजिन सुरू केलं होतं."

तुझ्या लेकीपाशी असलेली,
फिलोमेना