जयगडसमोर, चाळीस वाव

मिरकरवाडा, रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

चि. मृणालीस,
गंगारामकाकाचे अनेक आशीर्वाद. सुजयच्या जाळ्यात आलेलं ते आठ पायांचं जनावर बर्फातून तुला नीट पोचलं, हे कळलं. आम्ही जन्मभर असल्यांना माकूल म्हणून टोपलीत टाकलं. तू त्याच्या पायांवरच्या वाट्या मोजतेस आणि त्याचा पगार घेतेस, हे तुझ्या विमलाकाकीला अजून पटत नाही.

या बापाचा गुडघा गेल्यापासून बोट सुजयच नेतो. ते सापडलं ती जागा तू विचारलीस. लिही: जयगडसमोर, चाळीस वाव पाणी. असलं फोनवर बोलू नये, म्हणून पत्र.

काकावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
गंगारामकाका

कोची
१९ नोव्हेंबर २०२४

ती. गंगारामकाकांस,
मृणालीचा शि. सा. न. वि. वि. ही जात बहुधा आजवर कुणीच नोंदलेली नाही. पण हाती आहे ती मादी. नराच्या उजवीकडच्या तिसऱ्या पायाचं टोक चमच्यासारखं असतं, त्यावरून जात पक्की करता येते. एक नर मिळाला तर माझं तीन वर्षांचं काम मार्गी लागेल. सुजयदादा आणतो म्हणालाय, बदल्यात पार्टी हवी.

एक विचारू? हा प्राणी खोल काळोखातला. चाळीस वावांत तो येईल कसा? जागा चुकली तर सगळी नोंदच चुकते. पण तुम्हाला उलट बोलायची माझी छाती नाही. तुम्ही सांगितलीत तीच लिहिते.

रागावू नका, लोभ करा.
मृणाली

मिरकरवाडा
२२ डिसेंबर २०२४

चि. मृणालीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र मी वाचलं आणि घडी घालून ठेवलं. जागा चुकली नव्हती, मी खोटी सांगितली होती. मासळीची जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही, ही आमची रीत. तिथे पोचलं की बोटीचा ठाव दाखवणारी पेटी बंद करायची, हेही सुजयला मीच शिकवलं.

बोट परतली नाही तेव्हा शोधायला जाणारे बंदरावर जमले. सुजय कुठे गेलाय, त्यांनी विचारलं. सगळ्या बोटींचे तांडेल भोवती उभे. मला वाटलं, मशीन बिघडलं असेल, येईल संध्याकाळपर्यंत. तोंडातून जयगडच निघालं. सुजय तुला जनावरं पाठवतो हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तुला फोन केला, तूही तेच सांगितलंस, कारण तुझ्या कागदावर तेच होतं.

तिसऱ्या सकाळी मी खरं बोललो. त्याच दुपारी खलाशी रितेश तेवढा जिवंत सापडला. तो सांगतो, सुजय बर्फाच्या पेटीला धरून आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलत होता.

विमला माझं ताट वाढते आणि आत निघून जाते. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तो तुझ्या नरासाठी नाही, नेहमीच्या फेरीलाच गेला होता. पाप माझं आहे.

त्या जातीला सुजयचं नाव देऊ, असं परवा फोनवर म्हणालीस. नावाचं तुझं तू ठरव. जागा तेवढी खरी लिही: पूर्णगडसमोर, सत्तर मैल बाहेर, दोनशे वीस वाव. छापून येऊ दे. सगळ्यांना कळू दे.

लोभ मागायला तोंड नाही.
गंगाराम