लॅबमध्ये असलेली मुलगी

लंबू,

तुझे बाबा खोलीवर आले होते. नेहमीसारखं मी ठोकून दिलं, "ती लॅबमध्ये आहे, फोन बंद असतो." बसल्यावर म्हणाले, "उद्या ऑपरेशन आहे माझं, म्हटलं पोरीला बघून जावं." खरं सांगायला माझी जीभच रेटेना गं. चुकलं माझं.

त्यांनी तुझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट केला. मग बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. खाली तू बॅडमिंटन खेळत होतीस. मी हाक मारायला गेले, तर म्हणाले, "नको. लॅबमध्ये रमलीय ती."

त्यांची पिशवी घेऊन मी त्यांना सोडायला स्टँडवर जातेय. सहाची बस आहे. कपडे बदलत बसू नकोस, घामेजलेली तशीच ये.

ढमी