उद्याचं औक्षण

बेंगळुरू, शनिवार संध्याकाळ

उद्या गल्लीतल्या गणपतीला आमच्या वॉर्डातला उमेदवार येणार आणि त्याचं औक्षण मी करायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्याची बायको सरोजा समोरच्या घरी, माहेरी येऊन राहिलीय. सकाळी कढीपत्ता मागायला आली तेव्हा पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला होता. त्याखालचा काळानिळा वळ दिसायचा तो दिसलाच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्या घरातलं त्यांच्या घरात. आपल्या नळाला पाणी कुणामुळे आलं?" खोटं नाही ते. याच्या आधीचा नगरसेवक सज्जन होता, पण त्याच्या काळात आम्ही टँकरमागे बादल्या घेऊन पळायचो. मग मत कुणाला देणार मी? यालाच, बहुतेक. पण ओवाळायचं? तो पदर डोळ्यांपुढून हलत नाही.

शेवटी नाही म्हणून कळवायचं ठरवलं, एवढ्यात सरोजाच आली. माझा चेहरा तिने सकाळीच वाचला असणार. दारातूनच म्हणाली, "अक्का, उद्या नाही म्हणू नका. मीच तुम्हाला शिकवलं असं त्यांना वाटेल." पदर पुन्हा सारखा केला आणि गेली.

ताम्हण घासून ठेवलंय. घरातलं घरात म्हणे. मग ते माझ्या ताम्हणापर्यंत कसं आलं?