दोनदा दाबायचा ब्रेक

प्रिय बाबा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो आहे. तुझा आवाज चढला की माझा बसतो, आणि सांगायचं ते राहूनच जातं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. हे पत्र गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो आहे, म्हणजे न बघता बसलास तर निदान ह्याच्यावर बसशील.

गाडी शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली आहे. चारही चाकं भिंतीला टेकवून ठेवली आहेत, नट डब्यांत आहेत आणि कुठल्या चाकाचे कुठले ते डब्यांवर लिहिलं आहे. मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी शेवटपर्यंत वाच.

तुझ्या जुन्या गाड्यांच्या क्लबची रविवारी फेरी आहे. तू म्हणालास, 'त्याआधी ब्रेक जरा बघून ठेव.' ते 'जरा' तुझं. मागच्या ड्रमांमध्ये लायनर इतके झिजले होते की रिव्हेट लोखंडाला घासत होते. पुढे उजव्या बाजूचा पिस्टन गंजून अडकला होता. रबरी नळ्या बाहेरून चकचकीत, आतून सुजून बंद व्हायला आलेल्या. हे सगळं मी बदललं, साफ केलं, आणि खरं सांगतो, तोवर मला राग आला नव्हता. साठ वर्षांची गाडी आहे, झिजणारच.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला तुझ्या लेकीला, टेगनला, पेडलवर बसवलं आणि मी चाकाखाली आडवा झालो. मी ओरडायचं, 'दाब. धर. सोड.' तर ती म्हणते, 'डार्सी, गाडीचं बाळंतपण चाललंय का रे?' हवा सगळी निघाली, तरी पेडल तसंच. पहिल्यांदा दाबलं की थेट फळीपर्यंत खाली. दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं, घट्ट लागतं, आणि पाय तसाच ठेवला की हळूहळू पुन्हा बुडत जातं. मी म्हटलं, हे बरोबर नाही. टेगन म्हणाली, 'अरे, हे असंच असतं. दोनदा दाबायचं. बाबाने शिकवलंय मला. रविवारी नॉर्टन समिटवरून खाली येताना मीच चालवणार आहे.'

ही गोष्ट मला तिच्याकडून कळली, बाबा. तुझ्याकडून नाही. तिच्या छोट्या गाडीवरची नवशिक्यांची लाल पाटी अजून उतरलेली नाही, आणि तू तिला त्या उतारावर, क्लबच्या सगळ्या गाड्यांच्या मध्ये, अशा ब्रेकवर सोडणार होतास. तिच्या वाढदिवसाची भेट म्हणून.

तुझ्या क्लबमधली तुम्ही सगळी माणसं एकाच जातीची आहात. क्लॅरी काका मला नेहमी सांगतो, 'पोरा, प्रत्येक म्हातारीची एक खोड असते. ती ओळखली की ती आपली झाली.' त्याच्या गाडीचं दार ढुंगणाने धक्का दिल्याशिवाय लागत नाही. कुणाची गाडी स्टार्टरवर हातोडी मारल्याशिवाय सुरू होत नाही. बिअरचा ग्लास हातात घेऊन तुम्ही एकमेकांना ह्या खोडी सांगता, नातवंडांचे चाळे सांगावेत तशा. दाराची खोड असू दे. स्टार्टरची असू दे. ब्रेकला खोड नसते. तो असतो किंवा नसतो. दोनदा दाबावा लागतो म्हणजे पहिल्यांदा तो नसतो.

म्हणून मी पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर खोलला. त्याच्या नटांवर तुझा हिरवा रंग होता, इंजिनाच्या कप्प्याला तू स्वतः लावलास तो. मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा. त्या रंगाला कुठेही चीर नव्हती. म्हणजे त्या दिवसापासून आजपर्यंत त्या नटांना कुणी पाना लावलेला नाही. आतलं तेल विसरलेल्या चहासारखं काळं झालं होतं. पिस्टन काढून टॉर्च मारली तर नळीच्या आतल्या बाजूला गंजाचे खड्डे. नख फिरवलं तर नख अडकतं. रबराने तेल अडवायचं ते ह्या भिंतीला घट्ट चिकटून. भिंतच गंजाने खाल्ली असेल तर रबर काय करणार? आणि ह्या गाडीत चारही चाकांना मिळून हा एकच सिलिंडर आहे. हा गेला की चारही गेली.

तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, 'नवं रबर टाक आणि बसव. बाकी हात लावू नकोस. क्लबचे परीक्षक मूळ भागांचे गुण देतात.' मी म्हटलं, शहरात पाठवू, आत स्टीलची नळी बसवून देतात, बाहेरून तोच सिलिंडर दिसतो, फक्त दोन आठवडे लागतील. तू म्हणालास, 'रविवार तुझ्यासाठी दोन आठवडे थांबत नाही.' आणि फोन ठेवताना म्हणालास की शाळा अर्धवट सोडलेल्याने तुला गाडी शिकवू नये. शाळा मी सोडली, हे खरं. पण नख अडकतं की नाही हे बघायला शाळा लागत नाही.

आता आईबद्दल. ह्या विषयावर तू नेहमी हसतोस, म्हणून हे सावकाश वाच.

अपघाताच्या त्या दिवशी क्लबच्या सहलीला तू क्लॅरी काकाच्या गाडीतून गेला होतास, कारण सकाळीच तुझं पिणं सुरू झालं होतं. दुपारी तू घरी फोन केलास, 'रॉझ, परीक्षक आलेत, गाडी घेऊन ये.' आईला ती गाडी कधी आवडली नाही. तरी ती निघाली, कारण तू बोलावलंस. बास्केट रेंजच्या वळणावर काय झालं ते तू गेली दहा वर्षं दर ख्रिसमसला मांस भाजता भाजता सांगत आलास. 'आमच्या रॉझने ब्रेक शोधायला पर्स उघडली.' 'डोंगर मध्ये आला, तिची काही चूक नाही.' सगळे हसायचे. आई सॉसेज उलटत राहायची, तिच्या गुडघ्यात तेव्हाही सळई होती. तुझ्या गोष्टीत मडगार्डचं नुकसान नेहमी आधी यायचं आणि गुडघा नंतर. शेवटी ती मरे ब्रिजला राहायला गेली. तिथे का, असं सगळ्यांनी विचारलं. मी आता सांगू शकतो. तिथे उतार नाही.

मंगळवारी मी तो सिलिंडर फडक्यात गुंडाळून तिच्याकडे घेऊन गेलो. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, टॉर्च धरली आणि तिचं नख आत फिरवायला सांगितलं. मग तिने मला त्या वळणाबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच. तिने ब्रेक दाबला, तो खाली गेला. दुसऱ्यांदा दाबायला रस्ताच उरला नव्हता. पुढे बसथांब्यावर माणसं उभी होती. डावीकडे दरी. तिने गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी मुद्दाम डोंगराच्या बाजूला घासत नेली. बाबा, तुझ्या क्लबमधला एकही माणूस ह्याहून चांगलं काही करू शकला नसता. तू तर नक्कीच नाही, त्या दिवशी तर मुळीच नाही.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर तिने मला काय विचारलं, माहीत आहे? 'डार्सी, म्हणजे मी दाबला होता?' मी म्हटलं, हो आई. ती म्हणाली, 'तुझा बाबा इतका ठामपणे सांगायचा की मला वाटायला लागलं होतं, मी पाय ठेवलाच नव्हता.' ती रडली नाही. उठून किटली ठेवली. मला मात्र त्या टेबलावर मूठ आपटावीशी वाटली, आणि टेबल तिचं होतं म्हणून आपटली नाही.

तू म्हणशील, खड्डे नंतर पडले असतील. पडले असतील काही. पण 'दोनदा दाबायचं' हा नियम तिच्या अपघाताच्या आधीचा आहे. हसताना तू स्वतः म्हणायचास, 'तिला सांगितलं होतं, दोनदा दाब.' म्हणजे तुला माहीत होतं. ज्या वाक्याने तू तिला चुकीचं ठरवलंस, तेच वाक्य तू आता टेगनला शिकवलंस. टेगनला मी सगळं सांगितलं आहे. ती रविवारी येणार नाही.

क्लॅरी काकाकडे दुसरा सिलिंडर आहे, हे मला माहीत आहे. मी तो बघून आलो. ह्याच्याहून वाईट आहे. तुझा सिलिंडर शेडमध्ये शोधू नकोस. तो आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, शेजारी टॉर्च ठेवली आहे. तो शहरात दुरुस्तीला पाठवायचा की नदीत टाकायचा, हे ती ठरवेल, आणि ती ठरवेपर्यंत मी चाकं चढवणार नाही. तुला गाडी हवी असेल तर तुला तिच्याकडे जावं लागेल. तिच्या समोर तुझं नख त्या नळीत फिरव, आणि मग दर ख्रिसमसला जे सगळ्यांसमोर सांगायचास, ते ह्या वेळी फक्त तिला सांग, जसं झालं तसं. तुझी रोजची, मागे हौदा असलेली युट घेऊन जा. तिचे ब्रेक मी तपासले आहेत, एकदा दाबले की लागतात. दारही एकदाच वाजव आणि उभा राहा. आईला खुर्चीतून उठायला वेळ लागतो.

तुझाच,
डार्सी