घंगाळाची गोलाई

धुळे, रविवार, २० जानेवारी १९९१

आज जळगावला जुन्या मोटारींच्या मेळ्यात यांचा सत्कार झाला. धुळ्याच्या एका शेठजींची लग्नाच्या वरातीची उघडी मोटार यांनी आमच्याच अंगणात पत्रा ठोकून बांधली होती, त्याबद्दल शाल आणि नारळ. मी पहिल्या रांगेत होते. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

मग कुणीतरी विचारलं, "मिस्तरी, मडगार्डला ही गोलाई कुठून आणली?"

हे म्हणाले, "डोक्यातून."

डोक्यातून? माझ्या आईनं लग्नात दिलेलं तांब्याचं घंगाळ उपडं घालून त्यावर ठोकला होता तो पत्रा. यांना साचा मिळेना म्हणून मीच घंगाळ न्हाणीतून ओढत आणलं. पत्रा सरकू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून बसले. घंगाळाला पोचे पडले ते पडलेच. तेवढं एक वाक्य हे बोलले असते, तर यांची शाल लहान झाली असती का?

घरी आल्यावर हे म्हणाले, "शाल कपाटमा ठी दे."

नाही ठेवली. न्हाणीत जाऊन घंगाळाला पांघरली. सकाळी आंघोळीला जातील तेव्हा दिसेल.